किटलीचं टोपडं आणि सासूबाईंचा परवाना

हे सगळं घडलं ते एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली, पानगळीच्या दिवसांत. साल माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या सासूबाई तिसऱ्यांदा परीक्षेला बसल्या. मी तेव्हा तिशीत होते. सासूबाईंचं तेव्हा जे वय होतं, ते मी आता कधीच मागे टाकलंय.

आमचं पक्षी-केंद्र समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ टोकावर होतं. एक दगडी घर आणि त्याच्यामागे वाऱ्याने एका अंगाला कलंडलेली झुडपं, बस्स. पानगळ सुरू झाली की उत्तरेकडचे लहान पक्षी थव्याथव्याने निघतात, रात्रभर समुद्रावरून उडतात आणि उजाडताना जी पहिली जमीन दिसेल तिच्यावर दमून उतरतात. ती पहिली जमीन म्हणजे आम्ही. झुडपांमध्ये केसासारख्या बारीक दोऱ्याच्या जाळ्या उभ्या केलेल्या असत. पक्षी जाळीत अलगद अडकला की त्याला सोडवायचं, कापडी पिशवीत घालून खोलीत आणायचं, पायात नंबराची कडी घालून पकडीने दाबायची, पंख मोजायचा, वजन करायचं आणि खिडकीतून सोडून द्यायचं. पुढे तो कुठे सापडलाच, तर कुठून आला हे कळावं एवढ्यासाठी. सांगायला सोपं, शिकायला मात्र वर्षं जातात.

वजनाची पद्धत मजेची होती. पक्ष्याला डोकं खाली करून औषधाच्या रिकाम्या डबीत सरकवायचं. अंधार झाला की तो मुकाट बसतो. मग डबी तराजूत. वर नुसती शेपटी दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, आम्ही पक्षी बरणीत भरून ठेवतोय.

माझे यजमान बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. त्यामुळे पानगळीत आम्ही तिघं केंद्रावर मुक्कामाला जायचो: सासूबाई, मामंजी आणि मी. मामंजी पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना पक्ष्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. ते स्वयंपाकघर सांभाळायचे, सूप करायचे, अंडी उकडायचे, आणि दिवसभर किटलीभर चहा तयार ठेवायचे. सासूबाई चाळीस वर्षं बालवाडीच्या बाई होत्या आणि निवृत्तीनंतरही तो स्वभाव काही निवृत्त झाला नव्हता. समोर कोणीही येवो, त्यांच्या लेखी तो साडेतीन वर्षांचाच. पक्ष्यांशीही त्या तसंच बोलायच्या. "चला, पाय दाखवा बघू. शाब्बास! आता दुसरा. शहाणं बाळ कोण? हा वटवट्या शहाणं बाळ."

आणि पक्षी त्यांच्या हातात खरंच शहाण्यासारखे बसायचे. मला पक्षी धरायला त्यांनीच शिकवलं. मान दोन बोटांच्या मध्ये, पाठ तळव्याला, मूठ पक्की पण घट्ट नाही. माझी बोटं आखडायची तेव्हा त्या म्हणायच्या, "अगं, भाजी निवडतेस का पक्षी धरतेस?"

पण झालं होतं असं की परवाना मिळाला होता मला.

परवान्याशिवाय कोणालाही स्वतःच्या जबाबदारीवर कडी घालता येत नसे. शिकाऊ माणसाने परवानेवाल्याच्या देखरेखीखाली काम करायचं आणि प्रत्येक पक्षी सोडण्याआधी त्याची परवानगी घ्यायची, हा नियम. मी दोन वर्षांपूर्वी पहिल्याच फटक्यात पास झाले. सासूबाई दोनदा नापास झाल्या होत्या. पहिल्या वेळी त्यांनी परीक्षकाला खोलीत शिरल्याशिरल्या हात धुवायला परत पाठवलं. दुसऱ्या वेळी परीक्षक त्यांना प्रश्न विचारत होते, तर त्या म्हणाल्या, "आधी सरळ बसा. पोक काढून बसलेल्या माणसाशी मी बोलत नाही." दोघांनीही शेऱ्यात लिहिलं की हात उत्तम, पण बाईंना शिकाऊपणाची वृत्ती नाही.

तेव्हा आता दिवसातून कितीतरी वेळा त्यांना मान वळवून मला विचारावं लागायचं, "सोडू का, सूनबाई?"

एरवी त्या मला 'अगं' म्हणायच्या. 'सूनबाई' फक्त रागात. त्या हंगामात मला माझं नावच विसरायला झालं होतं. मी घाईघाईने "सोडा ना, आई" म्हणायचे, तर त्या म्हणायच्या, "नीट बघून सांग. उगाच हो म्हणू नकोस. तुझी जबाबदारी आहे ना?" मग मी बघितल्यासारखं करायचे. त्या खिडकीकडे वळायच्या, आणि पक्षी उडाला की पाठमोऱ्याच म्हणायच्या, "हिला अजून पक्कड सरळ धरता येत नाही."

खरं सांगायचं तर त्यांचा राग माझ्यावर नव्हता. एकदा भांडी पुसताना त्या मला म्हणाल्या, "यंदा नाही झालं तर मी पुढच्या वर्षी येणार नाही. तुला विचारत विचारत मरायचं नाहीये मला." हे त्या एवढ्या साध्या आवाजात बोलल्या की मी पुसलेलीच बशी पुन्हा पुसत बसले. त्या आल्या नाहीत तर त्या वर्षभर करतील काय, हे मला डोळ्यांपुढे आणता येईना.

आता टोपड्याचं सांगते.

मामंजींचा चहा गरम राहावा म्हणून सासूबाईंनी किटलीला एक लोकरी टोपडं विणलं होतं. रंग पिकल्या लिंबाचा, वर लाल गोंडा, आणि बाजूंना दोन भोकं: एक किटलीच्या तोटीसाठी, एक कानासाठी. पहिल्याच वर्षी केंद्रप्रमुखांच्या हातून एक कस्तुर पक्षी कडी घालण्याआधी खोलीतच सुटला. या केंद्रप्रमुखांना आम्ही टिटवी म्हणायचो, कारण कुठे काही खुट्ट झालं की ते सगळ्यांत आधी ओरडायचे. कस्तुर सुटल्यावर ते एवढे ओरडले की मामंजी किटलीवरचं टोपडं हातात घेऊनच धावत आले आणि ते त्यांच्या डोक्यावर बसवून म्हणाले, "घ्या. झाकून ठेवा, नाहीतर आणखी वाफ जाईल."

तेव्हापासून तो कायदाच झाला. पक्षी खोलीत सुटला, कडी चुकीच्या मापाची घातली किंवा खुंटीवरची पिशवी बघायची राहिली, की टोपडं डोक्यावर. आणि ते काढायचं नाही, दुसरा कोणी चुकेपर्यंत. जेवताना, जाळ्यांवर जाताना, पाहुणे आले तरी. एक कान तोटीच्या भोकातून बाहेर, दुसरा दुसऱ्या भोकातून. मी एकदा सलग तीन दिवस घातलं होतं. डोक्याला घामोळं आलं.

सासूबाईंनी मात्र ते एकदाही घातलं नव्हतं. आणि मामंजींचा चहा कायम गार.

"माझ्या किटलीचे कपडे माणसं घालतात," ते कुरकुरायचे, "आणि मी गार पाणी पितो."

त्या वर्षी परीक्षा घ्यायला एक बाई येणार असं कळलं. त्यांची ख्याती आमच्यापर्यंत आधीच पोचली होती. कडक, कमी बोलणाऱ्या, आणि पहिल्या भेटीत कोणालाही पास न करणाऱ्या. टिटवींनी आम्हाला सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं.

"काकू," ते सासूबाईंना म्हणाले, "हाताची मला काळजी नाही. मला काळजी तोंडाची आहे."

"माझ्या तोंडाला काय झालं?"

"काही झालं तरी उघडायचं नाही. विचारलं तेवढंच उत्तर. त्यांना शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, हात धुवायला पाठवायचं नाही. शब्द द्या."

सासूबाईंनी शब्द दिला. पण मामंजींचा त्यावर विश्वास नव्हता. ते म्हणाले, तालीम घेऊ. मग टिटवी परीक्षक झाले आणि तासभर त्यांनी जमेल तेवढा आगाऊपणा केला. खुर्चीवर पाय घेतला, चहाचा कप मोजपट्टीवर ठेवला, पेन्सिलीने कान कोरला. सासूबाई ओठ मिटून बसल्या होत्या. आधी लाल झाल्या, मग त्याहून गडद कसल्यातरी रंगाच्या झाल्या. शेवटी टिटवींनी बाहीला नाक पुसलं तेव्हा त्यांच्या घशातून कुकरच्या शिट्टीसारखा काहीतरी आवाज आला, पण शब्द नाही.

"झाली पास," मामंजी म्हणाले. "आता हिला श्वास घेऊ द्या."

परीक्षकबाई आल्या त्या चाळिशीच्या आतबाहेरच्या. सडपातळ, इस्त्रीचे कपडे, बुटांवर चिखलाचा ठिपका नाही. टिटवींनी टोपडं आदल्या दिवशीच स्वतःच्या डोक्यावरून काढून किटलीवर चढवून ठेवलं होतं. बाहेरच्या माणसांसमोर शोभा नको म्हणून. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. "चूक तुमची, शिक्षा अर्धवट," त्या म्हणाल्या होत्या. पण मामंजींनी त्या सकाळी कित्येक दिवसांनी वाफाळता चहा घेतला आणि म्हणाले, परीक्षा रोज व्हायला हरकत नाही.

परीक्षकबाईंनी खोलीवर नजर फिरवली. खिडकीखालचं लांब टेबल, खुंट्यांवर हलणाऱ्या पिशव्या, दोरीत ओवलेल्या लहानमोठ्या कड्या. मग सासूबाईंकडे बघून गोड आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका हं, आजी."

आमच्या सासूबाई तेव्हा जेमतेम साठीच्या आणि अजून नातवंड झालेलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. पुन्हा उघडले, तर सासूबाई हसत होत्या. दात दिसत होते. ते हसू मला आवडलं नाही, पण शब्द पाळला होता.

काम सुरू झालं. वटवट्या, वटवट्या, माशीमार, पुन्हा वटवट्या. पिशवीत हात, पक्षी मुठीत, कडी पायात, पक्कड एकदा आडवी, एकदा उभी. पोटावरची पिसं फुंकरीने बाजूला करून चरबी बघायची. पट्टीवर पंख. डबीत उलटा. सगळं कसं झरझर. तोंडातून फक्त आकडे. पक्ष्यांनाही त्या चकार शब्द बोलत नव्हत्या, आणि मला वाटलं पक्ष्यांना चुकल्यासारखं होत असावं, कारण एकदोघांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. दर वेळी त्या विचारायच्या, "सोडू का?" पुढचं 'सूनबाई' त्या गिळून टाकायच्या.

शेवटची पिशवी उरली. परीक्षकबाईंनी मान हलवली. "छान. फक्त आजी, तुमचा अंगठा जरा वर येतो. एक मिनिट, मी दाखवते. असा धरला ना, की पक्ष्याला सुटायला वावच राहत नाही."

त्यांनी पिशवीत हात घातला आणि थिरथिरा बाहेर काढला. तांबूस शेपटीचा, सतत ती थरथरवणारा चिमुकला पक्षी. "हे बघा, मान अशी. अंगठा असा. आणि आता कितीही..."

आणि थिरथिरा नव्हता. त्यांच्या हातात हवा होती. थिरथिरा खोलीत दोन फेऱ्या मारून पडद्याच्या दांडीवर बसला, शेपूट थरथरवली, आणि तिथून इस्त्रीच्या खांद्यावर एक पांढरा ठिपका टाकून उघड्या झरोक्यातून चालता झाला.

टिटवी छताकडे बघू लागले. मी पक्कड पुसायला घेतली. परीक्षकबाईंचा हात अजून तसाच वर होता, अंगठा बरोबर जागेवर.

सासूबाई उठल्या.

टिटवींनी डोळे एवढे मोठे केले की ते बाहेर पडतील असं वाटलं. मी सासूबाईंचा पदर ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला, स्वयंपाकघरात गेल्या, आणि आतून मामंजींचा आवाज आला, "अगं, अगं, नको! आत्ता कुठे उकळलाय!" त्या परत आल्या तेव्हा हातात टोपडं होतं. त्यातून वाफ येत होती. त्यांनी ते परीक्षकबाईंच्या डोक्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी खाली ओढलं, एक कान एका भोकातून काढला, दुसरा दुसऱ्यातून. गोंडा सरळ केला. मग आपल्या खुर्चीवर बसल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मी तोंड उघडलं का? एक शब्द तरी बोलले का मी त्यांना?"

टिटवी ओरडले नाहीत. आयुष्यात एकदाच.

"हे काय आहे?" परीक्षकबाईंनी विचारलं.

टिटवी म्हणाले, "मॅडम, ते... म्हणजे लोकर आहे ती."

शेवटी मामंजींनीच सांगितलं, उघडी किटली हातात घेऊन. कायदा काय, कधीपासून, कशाबद्दल. "मनावर घेऊ नका. या घरात सगळ्यांनी घातलंय. ही सोडून."

"या सोडून?" परीक्षकबाईंनी सासूबाईंकडे बघितलं. "आणि काढायचं कधी?"

"दुसरा कोणी चुकला की."

"त्याआधी आजवर कोणी काढलं आहे?"

टिटवी कड्यांची दोरी नीट करू लागले. सासूबाई म्हणाल्या, "एकानेच. काल."

परीक्षकबाईंनी रुमाल काढला. खांदा पुसला. मग त्यांनी परवान्याचा कागद उघडला, पेनाचं टोपण लावलं, आणि कागद पुन्हा मिटला.

"ठीक आहे. मीही काढणार नाही. आणि आजींची परीक्षाही संपलेली नाही. त्यांच्या हातून काय चूक होते ते बघितल्याशिवाय मी इथून हलत नाही. चूक झाली की टोपडं त्यांच्या डोक्यावर, आणि परवान्याचा विषय संपला."

"आणि नाही झाली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"चूक सगळ्यांची होते, आजी."

"मला दिसतंय ना," सासूबाई गोंड्याकडे बघत म्हणाल्या.

त्या दिवशीचं जेवण मी विसरणार नाही. परीक्षकबाई ताठ बसून सूप पीत होत्या आणि प्रत्येक घोटाला गोंडा पुढे मागे डुलत होता. हसू येईल म्हणून मी सबंध वेळ मिठाच्या भांड्याकडे बघत जेवले. मामंजींना हसू आवरेना, ते चमचा पडल्याचं निमित्त करून टेबलाखाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

दुपारी परीक्षकबाईंच्या मुख्य कार्यालयातून फोन आला. फोन दाराजवळच होता. त्या भोकातून बाहेर आलेल्या कानाला रिसीव्हर लावून उभ्या राहिल्या आणि गंभीर आवाजात म्हणाल्या, "नाही सर, मला आणखी थांबावं लागेल. शिस्तीचा प्रश्न आहे."

टिटवींना ते सगळं असह्य झालं. या बाई टोपडं घालून परत गेल्या तर केंद्राला टाळं लागेल असं त्यांच्या मनाने घेतलं. म्हणून संध्याकाळच्या फेरीत त्यांनी एक धोबी पक्षी हातात घेतला, "अरेरे!" म्हटलं आणि मूठ उघडली. मग स्वतःच डोकं पुढे करून उभे राहिले.

"चालणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"का? सुटला ना!"

"अरेरे आधी म्हणालात, सुटला मागाहून. मुद्दाम केलेल्याला चूक म्हणत नाहीत. जा, जागेवर बसा."

"बरोबर आहे," परीक्षकबाई म्हणाल्या. टोपडं घातल्यापासून त्यांचं सासूबाईंशी पहिल्यांदाच एकमत झालं होतं. टिटवी जाऊन जागेवर बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तीच कसल्यातरी कुजबुजीने. खिडकी उघडली तर बाहेर दाट धुकं आणि पूर्वेचा वारा. आणि झुडपं बोलत होती. पक्ष्यांच्या वाटेत असं धुकं उतरलं की त्यांना पुढची दिशा कळत नाही, सगळेच्या सगळे खाली येतात. फांद्यांवर, भिंतीवर, दगडांवर, मामंजींच्या बादलीच्या काठावर पक्षीच पक्षी. पाय ठेवायला जागा नाही म्हणतात ना, तसं.

अशा दिवशी कोणाला मान वर करायला फुरसत नसते. टिटवी आणि मी जाळ्यांवरून पिशव्या आणत होतो, सासूबाई टेबलावर, आणि मी दर फेरीला क्षणभर शेजारी बसून, बघून, "सोडा" म्हणून पुन्हा पळत होते. खुंट्या भरल्या म्हणून पिशव्या दोरीवर टांगल्या, दोरी भरली म्हणून मामंजींनी कपाटाच्या कड्या मोकळ्या करून दिल्या. परीक्षकबाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर बसल्या होत्या. पापणी लवत नव्हती. मांजर उंदराच्या बिळावर बसतं ना, अगदी तशा. फक्त या मांजराला लाल गोंडा होता.

अशा गर्दीतच चूक होते. मी स्वतः दोनदा चुकता चुकता वाचले. सासूबाईंची पाठ दुखायला लागली होती, हे मला त्यांच्या खांद्यावरून कळत होतं. बोटं थांबत नव्हती.

मग पिशवीतून खाटीक पक्षी निघाला. दिसायला देखणा, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि चोच पुढे आकड्यासारखी वळलेली. त्याने बाहेर येताच सासूबाईंच्या बोटाच्या पेरात चोच रुतवली आणि तिथेच धरून ठेवली. रक्त आलं. कोणीही असतं तर हात झटकला असता. मीच झटकला असता.

परीक्षकबाई अर्धवट उठल्या. त्यांचे दोन्ही हात आपोआप टोपड्याकडे गेले.

सासूबाईंनी हात हलवला नाही. आवाज चढवला नाही. आदल्या दिवसापासून पक्ष्यांशी धरलेला अबोला तेवढा सुटला. "चावायचं नाही हं," त्या त्याला म्हणाल्या. "बघ, बाईंचं बोट आहे की नाही ते? बाईंना बाऊ होतो. सोड बघू. सोड. मी मोजते हं. एक... दोन..."

खाटकाने सोडलं. मला शपथ घालून विचारा, त्याने दोनलाच सोडलं. सासूबाईंनी कडी घातली, पंख मोजला, डबीत घातला, आकडे सांगितले, आणि मग मला म्हणाल्या, "सोडू का, सूनबाई? आणि चिंधी आण."

परीक्षकबाई हळूच खाली बसल्या. हात टोपड्यावरून मांडीवर आले.

दुपार कलली तसं धुकं विरळ झालं आणि उतरलेले पक्षी भराभर निघून गेले. खुंट्या रिकाम्या होत आल्या. मामंजी उघड्या किटलीतला चहा घेऊन आले, कोणी तो गार आहे असंही म्हटलं नाही. परीक्षकबाईंनी कप खाली ठेवला. टोपड्याखाली त्यांचे केस घामाने चिकटले होते.

"मी काल सकाळपासून," त्या म्हणाल्या, "तुमच्या चुकीवर टपून बसले आहे. चांगल्या मनाने नाही, वाईट मनाने. एवढं निरखून मी आजवर कोणाला बघितलेलं नाही. आणि मला काहीसुद्धा सापडलं नाही." त्यांनी कागद उघडला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि सही केली. "अंगठासुद्धा बरोबर आहे तुमचा."

सासूबाईंच्या हातात तेव्हा शेवटच्या पिशवीतला वटवट्या होता. कडी अजून पकडीत. त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग सवयीने माझ्याकडे वळल्या. "सूनबाई..."

"मला कशाला विचारता, आई?" मी म्हटलं. "आता तुमची तुम्ही."

बालवाडीत मूल पहिल्यांदा स्वतःची बटणं लावतं तेव्हा बाई काय करतात? टाळ्या वाजवतात. चाळीस वर्षं ज्यांनी तेच केलं, त्यांनी तेच केलं. दोन्ही हातांनी, जोरात.

वटवट्या टाळी बसायच्या आत निसटला. कडी खणकन जमिनीवर. पक्षी आमच्या डोक्यांवरून गेला, सहीच्या कागदावर क्षणभर बसला, आणि झरोक्यातून बाहेर.

आम्ही पुतळे झालो. सही ओली होती. वटवट्याच्या पायाने तिच्यावर एक बारीक रेघ ओढली गेली होती. टिटवींनी श्वास घेतला तो ओरडण्यासाठीच, पण मामंजींनी त्यांच्या तोंडात पाव कोंबला. सासूबाई दोन्ही हात जोडलेलेच ठेवून बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा, मी खोटं सांगत नाही, साडेतीन वर्षांच्या मुलीसारखा झाला होता.

परीक्षकबाई कागदाजवळ गेल्या. वाकल्या. टराटरा फाडतात की काय, म्हणून मी पुढे झाले. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि सहीवर फुंकर घातली. पोटावरची पिसं बघताना घालतो ना, तशी हलकी. शाई पुरती वाळेपर्यंत. मग कागद सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला.

आणि दोन्ही हातांनी डोक्यावरचं टोपडं काढलं.

"कान आधी का गोंडा आधी?" त्यांनी विचारलं.

"कान," सासूबाई म्हणाल्या, आणि डोकं पुढे केलं.

त्यांनी ते हंगाम संपेपर्यंत घातलं. आम्ही कोणी चुकलोच नाही, असं नाही. पण त्या म्हणायच्या, राहू दे, परवानेवाल्यांना थंडी जास्त वाजते. मामंजींनी त्या थंडीत स्वतःच्या पैशाने थर्मास विकत घेतला आणि मरेपर्यंत तो स्वतःच्या उशाशी ठेवला. कोणाला हात लावू दिला नाही.

सासूबाईंनी पुढे अकरा वर्षं कड्या घातल्या. शेवटच्या दोन वर्षी गुडघे गेले, तेव्हा टेबल त्यांच्या खाटेजवळ नेलं होतं. त्या गेल्या त्या वसंतात, पक्षी परत उत्तरेला जात होते तेव्हा. त्यांनी ज्याला कडी घातली होती असा एक माशीमार त्याच वर्षी फार दूरच्या एका गावात, कुणाच्या तरी गोठ्यात सापडला. सापडल्याचं कार्ड आलं ते त्यांच्या नावावर. मी ते त्यांच्या फोटोमागे खोचलं.

टिटवींची बदली एका बेटावर झाली. तिथे दीपगृहाचा भोंगा बिघडला होता, आणि दुरुस्तीपर्यंत त्यांच्यावर भागलं असं मामंजी सगळ्यांना सांगायचे. ते खोटं असावं. त्यांनी तिथल्याच शिक्षिकेशी लग्न केलं. ती फार हळू बोलायची म्हणे.

परीक्षकबाई मोठ्या पदावर गेल्या, पण दर पानगळीला आठवडाभर रजा काढून आमच्याकडे यायच्या, आणि सासूबाईंना शेवटपर्यंत आजीच म्हणायच्या. तोवर मला मुलगी झालेली असल्यामुळे त्याला हरकत घेता येईना. तिला मोठेपणी पक्ष्यांची ॲलर्जी निघाली. पिसं दिसली तरी शिंका. ती हिशेबनीस झाली, सुखात आहे.

मी माझा परवाना हात कापायला लागल्यावर परत केला. अजून दरसाल जाते मात्र. तिथली मुलं मला खिडकीपाशी खुर्ची देतात आणि पिशव्या शिवायला देतात. डोळ्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे टाके वाकडे पडतात. मागच्या वर्षी मी एका पिशवीचं तोंडच शिवून टाकलं होतं. टोपडं अजून तेवढंच उबदार आहे.